टुकार सायफाय पिक्चर बघायचे कसे

सगळ्यात आधी एक सांगतो, पहिला टुकार सायफाय, म्हणजे विज्ञानकथेचा, पिक्चर एकट्याने बघू नका. मी तसाच बघितला होता. 'प्लॅन नाईन फ्रॉम आउटर स्पेस'चं नाव खूप ऐकलेलं, जगातला सगळ्यात वाईट पिक्चर वगैरे, म्हणून एका रात्री हेडफोन लावून एकटाच बसलो आणि वीस-पंचवीस मिनिटांत बंद केला, कारण एकट्या माणसाला तो नुसता रटाळ वाटतो. थडगी हलतायत, माणसं पाठ केल्यासारखं बोलतायत, कोण कुठून आलं काही कळत नाही. मग काही महिन्यांनी मावसभाऊ आणि त्याचे दोन मित्र आले होते तेव्हा परत लावला, आणि त्यातला एकजण मधेच ओरडला, अरे थांब थांब, मागे घे, हा तो म्हातारा नाहीये, हा दुसराच कोणीतरी आहे. मागे घेतलं, पॉज केलं, आणि खरंच दुसरा माणूस होता, चांगला उंच, तोंडासमोर काळा झगा धरून चाललेला. त्या एका पॉजपासून मला हा नाद लागला तो आजपर्यंत सुटलेला नाही.

त्या म्हाताऱ्याची गोष्ट आधी सांगतो, कारण ती माहीत असली की तोच पिक्चर वेगळा दिसायला लागतो. तो म्हणजे बेला लुगोसी, १९३१ च्या 'ड्रॅक्युला'मुळे जगभर नाव झालेला नट. शेवटच्या वर्षांत त्याला धड काम मिळत नव्हतं, एड वुड नावाचा एक धडपड्या दिग्दर्शक तेवढा त्याला काम देत होता. वुडने त्याचं थोडंसं शूटिंग करून ठेवलेलं, आवाजाशिवाय, दुसऱ्याच कुठल्यातरी पिक्चरच्या विचाराने, आणि ऑगस्ट १९५६ मध्ये लुगोसी गेला. हातात राहिलं काय तर जेमतेम काही मिनिटांचं रीळ. वुडने त्या रिळाभोवती अख्खी नवीन गोष्ट रचली आणि उरलेल्या सीनमध्ये लुगोसीच्या जागी स्वतःच्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीची हाडं बसवून देणाऱ्या माणसाला, उभं केलं. तो लुगोसीपेक्षा उंच, चेहरा अजिबात जुळत नाही, म्हणून तो पिक्चरभर झग्याने तोंड झाकून फिरतो. आता हे कळल्यावर तो झगा बघा. गेलेल्या मित्राला शेवटचा एक पिक्चर मिळावा म्हणून कोणीतरी केलेली ती धडपड आहे असं मला वाटतं, आणि हसू येतंच, पण त्या हसण्यात दुसरंही काहीतरी मिसळलेलं असतं.

तर पद्धत अशी. पिक्चर बघताना डोक्यात एकच प्रश्न ठेवायचा, इथे नेमकं काय संपलं? पैसे संपले, वेळ संपला, का 'हे नको करूया' म्हणणारा माणूसच कोणी उरला नव्हता? वाईट सायफाय साधारण या तिघांतल्या एका कारणाने वाईट होतं आणि ते कारण पडद्यावर दिसतं, शोधायची सवय लागली की दर पाच मिनिटांनी दिसतं. नुसतं भंगार आहे म्हणून हसलात तर अर्ध्या तासात कंटाळाल, पण काय संपलं ते शोधायला लागलात की दीड तास कसा गेला कळत नाही.

पैसे संपलेल्यापासून सुरुवात करा, ते सगळ्यात सोपं आणि सगळ्यात प्रेमळ काम आहे. पहिला पिक्चर म्हणून मी आता सगळ्यांना 'रोबॉट मॉन्स्टर' सांगतो, १९५३ चा, तासाभरात संपतो. फिल टकर नावाचा पंचविशीतला पोरगा, साधारण १६ हजार डॉलर, चार दिवसांचं शूटिंग, आणि तेही थ्रीडीमध्ये. रोबॉटचा सूट करायला पैसे नव्हते, पण जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे स्वतःचा गोरिलाचा सूट होता, तर त्याला बोलावलं आणि गोरिलाच्या धडावर अँटेना लावलेलं हेल्मेट चढवलं. झाला रोबॉट, नाव रो-मॅन. तो गुहेत राहतो आणि त्याच्या यंत्रातून साबणाचे फुगे येत राहतात, आणि त्या फुग्यांच्या मशीनचं नाव चक्क श्रेयनामावलीत आहे, ते चुकवू नका. मधेच डायनासोर येतात, ते १९४० च्या एका जुन्या पिक्चरमधलं स्टॉक फुटेज, म्हणजे आयतं उचललेलं जुनं चित्रण, आहे. आणि म्युझिक ऐका, कारण ते देणारा एल्मर बर्नस्टीन पुढे हॉलिवूडच्या सगळ्यात मोठ्या संगीतकारांपैकी एक झाला, आणि इथेही त्याने हातचं काही राखून ठेवलेलं नाही, गोरिला टेकडी चढतोय आणि मागे म्युझिक असं की जग बुडतंय.

या पिक्चरमध्ये एक जागा आहे तिथे सगळ्यांना गप्प बसवा. रो-मॅनला वरून हुकूम आहे, पृथ्वीवर आठ माणसं उरलीत, मारून टाक. आणि त्याचा त्यातल्या एका मुलीवर जीव जडतो. मग तो उन्हात उभा राहून स्वतःशीच बोलतो, की करायलाच हवं आणि करता येत नाहीये, हे 'हवं' आणि 'येत नाही' कुठल्या बिंदूला एकत्र येतात ते मला सापडत नाही. गोरिलाच्या सूटमध्ये, हेल्मेट घातलेला, तोंड दिसत नाही, नुसते हात हलतायत. मला विचाराल तर हा प्रसंग लिहिणाऱ्याला खरंच काहीतरी सांगायचं होतं. यंत्राला हुकूम आणि इच्छा यातला फरक कळला तर काय होईल, हा सायफायमधला चांगल्यातला चांगला प्रश्न आहे आणि तो इथे १६ हजार डॉलरच्या पिक्चरमध्ये पडलेला आहे. म्हणून म्हणतो, वाईट सायफायमध्ये कल्पना शोधा. कल्पनेला पैसे लागत नाहीत, त्यामुळे बजेट संपलं तरी ती कुठेतरी शिल्लक असते.

'प्लॅन नाईन'मध्येही तेच. परग्रहावरचे लोक मेलेल्यांना उठवतात ते का, तर माणूस अणुबॉम्ब, हायड्रोजन बॉम्ब करत करत एक दिवस सूर्यप्रकाशाचाच स्फोट घडवणारा बॉम्ब करेल आणि त्यात अख्खं विश्व जाईल, म्हणून त्याला वेळीच थांबवायचंय. १९५६ साली, अणुबॉम्ब पडून अकरा वर्षं झालेली, ही भीती लोकांच्या मनात खरीखुरी होती. फक्त मेलेल्यांची फौज म्हणून येतात तीनच जण, विमानाच्या कॉकपिटला दाराऐवजी पडदा आहे, आणि एक पोलीस अधिकारी हातातल्या पिस्तुलाच्या नळीनेच मान खाजवतो. कॉकपिटच्या सीनला पॉज करा आणि भिंतीवर सावली शोधा, माइकची सापडेल. एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र कितीदा बदलतात ते मोजायला एकाला बसवा. पैसे एका चर्चच्या लोकांनी घातलेले, मूळ नावात थडगी लुटणारे होते ते त्यांना पटलं नाही म्हणून नाव बदललं. १९८० मध्ये मेडव्हेड बंधूंच्या 'गोल्डन टर्की अवॉर्ड्स'ने याला सर्वकाळचा सगळ्यात वाईट पिक्चर ठरवलं आणि मग कुठे जगाने तो बघायला सुरुवात केली, पण एड वुड त्याच्या दोन वर्षं आधीच, १९७८ ला गेलेला. त्याला हे प्रेम बघायला मिळालं नाही याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

इथे प्रिंटबद्दल, म्हणजे पिक्चरची कुठली कॉपी बघता त्याबद्दल, सांगायला हवं कारण याने फार फरक पडतो. जुने पिक्चर बऱ्याचदा चौकोनी फ्रेममध्ये शूट व्हायचे आणि थिएटरमध्ये वरखालची पट्टी झाकून दाखवायचे. पुढे टीव्हीसाठी आणि व्हिडिओसाठी कोणीतरी ती झाकलेली पट्टी उघडी ठेवली आणि त्यातून माइक, लाइटचे स्टँड, सेटच्या कडा सगळं दिसायला लागलं, जे बनवणाऱ्याने दाखवलंच नव्हतं. म्हणजे काही चुका दिग्दर्शकाच्या नाहीतच, नंतर कॉपी काढणाऱ्याच्या आहेत. म्हणून शक्य तेवढी चांगली, नीट केलेली प्रिंट शोधा, पुसट कॉपी बघून कोणाला टुकार ठरवू नका. रंग भरलेली व्हर्जन पण टाळा, काळ्यापांढऱ्यात ज्या गोष्टी खपून जातात त्या रंगात उघड्या पडतात. आणि पिक्चरभर दुसऱ्याच लोकांची कॉमेंट्री चालू असते तसले प्रकार पहिल्यांदा बघताना नकोत. १९८८ पासून 'मिस्ट्री सायन्स थिएटर थ्री थाउजंड' नावाचा शो आहे, एक माणूस आणि त्याचे रोबॉट थिएटरच्या खुर्च्यांत बसून टुकार पिक्चरवर बोलतात, शो भारीच आहे आणि त्यामुळे कितीतरी विसरलेले पिक्चर जिवंत राहिले, पण तो दुसऱ्या खेपेला. पहिल्यांदा आपल्या डोळ्यांनी बघा, नाहीतर काय दिसलं आणि काय दाखवलं गेलं यातला फरकच कळणार नाही.

अजून दोन नावं लिहून ठेवा. 'द जायंट क्लॉ', १९५७. यात पृथ्वीवर एक अवाढव्य पक्षी येतो, त्याच्याभोवती अँटिमॅटरचं, म्हणजे प्रतिद्रव्याचं, कवच आहे म्हणून रडारला दिसत नाही, आणि नट मंडळी सगळं इतकं मनापासून करतात की पहिला काही वेळ तुम्हाला वाटेल अरे हा तर बरा आहे. मग पक्षी दिसतो. लांब वाकडी मान, बटाट्यासारखे डोळे, डोक्यावर चार केस, दोरीवर लटकलेली बाहुली. शूटिंगच्या वेळी नटांना तो दाखवलाच नव्हता, ते रिकाम्या आभाळाकडे बघून घाबरत होते. नायक जेफ मॉरोने नंतर सांगितलेलं की त्याने पक्षी पहिल्यांदा थिएटरमध्येच बघितला आणि लोक हसायला लागल्यावर कोणी ओळखायच्या आत तो निघून गेला. म्हणून या पिक्चरमध्ये पक्ष्याकडे बघून झालं की माणसांचे चेहरे बघा, त्यांनी आपलं काम चोख केलंय. दुसरा 'द क्रीपिंग टेरर', १९६४, यातला राक्षस म्हणजे गालिच्यासारखं काहीतरी अंगावर घेऊन सरपटणारी माणसं, खाली त्यांचे पाय दिसतात, आणि तो इतका हळू आहे की ज्यांना खायचंय त्यांनाच आत शिरावं लागतं. संवाद फार थोडे ऐकू येतात, बाकी एक निवेदक सांगत राहतो की आता हा याला काय म्हणाला. हा मात्र खरंच सोसावा लागतो, तिसरा किंवा चौथा घ्या, पहिला नको.

इंग्रजीच्या बाहेरही बघा. तुर्कस्तानचा १९८२ चा 'दुन्यायी कुर्तारान आदाम', म्हणजे जगाला वाचवणारा माणूस, याला लोक तुर्की स्टार वॉर्स म्हणतात कारण त्यात 'स्टार वॉर्स'मधले अवकाशयुद्धाचे शॉट सरळ उचलून नायकाच्या डोक्यामागे चालवलेत आणि म्युझिक 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'चं. हेल्मेट घातलेला नायक जुनेत आर्किन कॅमेऱ्याकडे बघतोय आणि मागे यान उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. पण उचलेगिरी बाजूला ठेवून त्याची दगडं पायाला बांधून केलेली प्रॅक्टिस आणि ट्रॅम्पोलिनवरच्या उड्या बघा, त्या माणसाने अंग मोडून काम केलंय. हिंदीतला १९६७ चा दारा सिंगचा 'चाँद पर चढाई' पण याच पंगतीत, अपोलो ११ च्या दोन वर्षं आधी दारा सिंग चंद्रावर पोचलेला आहे, मिळाला तर सोडू नका.

आता मोठ्या पैशाचे वाईट पिक्चर. हे वेगळ्या तऱ्हेने बघावे लागतात कारण इथे पैसे आहेत, वेळ आहे, नट आहेत, आणि कमी पडलाय तो नाही म्हणणारा. 'बॅटलफिल्ड अर्थ', २००० सालचा, जॉन ट्रॅव्होल्टाने स्वतः पाठपुरावा करून काढलेला. दिग्दर्शक रॉजर ख्रिश्चन, ज्याला 'स्टार वॉर्स'च्या सेटसाठी ऑस्कर मिळालेलं, म्हणजे काम न येणारा माणूस नव्हे. आणि तरी अख्खा पिक्चर वाकडा आहे, शब्दशः वाकडा, कॅमेरा जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये तिरका धरलाय. तिरका शॉट असतो कशासाठी, तर पात्राचं भान सुटलंय, काहीतरी बिघडलंय हे जाणवावं म्हणून, पिक्चरमध्ये दोनदा-तीनदा वापरायचा. सगळंच तिरकं केलं की काहीच तिरकं उरत नाही, नुसती मान दुखते. हा पिक्चर लावाल तेव्हा पहिल्या वीस मिनिटांत सरळ शॉट किती येतात ते मोजा, एका हाताची बोटं पुरतात की नाही बघा.

गोष्टीत अशी गंमत आहे की साल ३०००, माणूस परत गुहेत राहायला लागलाय, आणि हजार वर्षं पडून असलेली हॅरियर लढाऊ विमानं सापडतात ती चालू होतात, आणि ही गुहेतली माणसं थोड्याच दिवसांत ती चालवायला शिकतात. इंधन, रबर, वायरी, बॅटऱ्या, हजार वर्षांत यातलं काय शिल्लक राहील? हा प्रश्न स्क्रिप्ट वाचताना एका तरी माणसाला पडला असणार आणि तो बोलला नाही, किंवा बोलला आणि कोणी ऐकलं नाही. अशी जागा दिसली की थांबा आणि आपसात बोला, तुम्ही त्या टेबलावर असता तर काय सुचवलं असतं? आमच्याकडे यावर एकदा पाऊण तास वाद झाला आणि शेवटी जे उत्तर निघालं ते पिक्चरपेक्षा चांगलं होतं. याच गटात 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्लूटो नॅश' येतो, २००२ चा, एडी मर्फी चंद्रावर नाइटक्लब चालवतो, १० कोटी डॉलर घातले आणि जेमतेम ७० लाख आले. पण तो बघायला मात्र मजा नाही, कॉमेडी आहे आणि हसू येत नाही, एवढी एक ओळ पुरे त्याला.

आणि मुद्दाम वाईट केलेले असतात ते सोडून द्या. 'शार्कनेडो'सारखे. लोकांना ते आवडतात, आवडू देत, पण तिथे शोधण्यासारखं काही नसतं कारण काहीच संपलेलं नाही, वाईट दिसावं असंच ठरवून केलंय. तुमच्या पॉज बटणाला तिथे काम नाही. ओळखायची खूण सोपी आहे, नट कॅमेऱ्याकडे बघून आतल्या आत हसतायत का ते बघा. रो-मॅन हसत नाही.

विज्ञानाच्या चुकांचं काय करायचं हे बरेच जण विचारतात. माझं म्हणणं, पिक्चर चालू असताना त्यावर भांडू नका, कागदावर लिहा आणि संपल्यावर शोधा. अवकाशात आवाज येतो, लेझरचा झोत दिसतो, हे सगळ्यांनाच माहितीये, तेवढ्यावर कोणाला टुकार म्हणायचं झालं तर चांगलेही पिक्चर राहणार नाहीत. पण 'द कोअर' घ्या, २००३ चा. पृथ्वीचा गाभा फिरायचा थांबलाय म्हणून माणसं यानातून जमिनीच्या आत जातात, अणुबॉम्ब फोडून तो परत फिरवायला. आता माणसाने आजवर खणलेलं सगळ्यात खोल भोक रशियातलं कोलाचं, १२ किलोमीटरच्या थोडं वर, आणि तिथेही दगड इतका तापला की पुढे खणता येईना. द्रवरूप बाह्य गाभा सुरू होतो तो साधारण २९०० किलोमीटरवर. यान टिकतं कसं तर अनऑब्टेनियम नावाच्या धातूमुळे, म्हणजे नावच 'मिळू न शकणारा'. पिक्चरमध्ये चुंबकीय क्षेत्र गेल्यावर सूर्याचे मायक्रोवेव्ह येऊन पूल वितळतो, प्रत्यक्षात चुंबकीय क्षेत्र मायक्रोवेव्ह अडवतच नाही, ते अडवतं सूर्याकडून येणारे भारित कण. हे मला कुठून कळलं, तर त्या पिक्चरनंतर रात्री दोनपर्यंत वाचत बसलो म्हणून. शाळेत पृथ्वीच्या थरांचं चित्र पाच वेळा काढलं असेल पण ते खरं डोक्यात बसलं ते या पिक्चरमुळे. मुलांबरोबर बघत असाल तर हा एक नंबर आहे, पाहिजे तर प्रत्येक चुकीला एक काडी ठेवायला सांगा.

सिरियलींचा प्रकार वेगळा. पिक्चर दीड तासात संपतो, सिरियल वाईट असली तर तुमचा महिना जातो, म्हणून अख्खी सिरियल कधीच लावायची नाही, एपिसोड निवडायचे. आणि सिरियलीत बहुतेक वेळा संपलेला असतो तो वेळ. 'स्टार ट्रेक'सारख्या, अवकाशयानाच्या सफरींच्या, चांगल्या सिरियलीतले वाईट एपिसोड हे त्यासाठी सगळ्यात उत्तम, कारण सेट तोच, नट तेच, चांगलं कसं दिसतं ते आपल्याला माहीत असतं आणि मग काय हरवलं ते लगेच कळतं. १९६८ चा 'स्पॉक्स ब्रेन' बघा, यानावरचा अधिकारी स्पॉक, त्याचा मेंदू कोणीतरी चोरून नेतं आणि डॉक्टर त्याचं शरीर रिमोटने चालवत घेऊन फिरतो. तिसऱ्या सीझनचं बजेट कापलेलं, टीव्हीवर दाखवायची वेळ शुक्रवारी रात्री दहाची मिळालेली, आणि हा त्या सीझनचा पहिला एपिसोड. पुढच्या 'स्टार ट्रेक' सिरियलीतला १९८९ चा 'शेड्स ऑफ ग्रे' पण बघा, यानावरचा अधिकारी रायकर बेशुद्ध पडलाय आणि त्याला जुने प्रसंग आठवतायत, म्हणजे जुन्याच एपिसोडचे तुकडे जोडलेत. १९८८ च्या लेखकांच्या संपाने सीझनच उशिरा सुरू झालेला आणि पैसेही आधीच्या एपिसोडांवर उडालेले, हा तीन दिवसांत उरकला. आणि १९९६ चा 'थ्रेशोल्ड', 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या सिरियलीतला, यानाचा चालक टॉम पॅरिस वेगाची मर्यादा ओलांडतो आणि हळूहळू त्याचा सॅलमँडरसारखा प्राणी होतो, मग कॅप्टन जेनवेचाही, आणि त्यांना पिल्लं होतात, ती तिथेच सोडून सगळे निघून जातात. गोष्ट म्हणून काही खरं नाही, पण याच एपिसोडला मेकअपचं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालंय, आणि बघाल तर कळेल की बरोबरच मिळालंय, त्वचा बदलते, जीभ गळून पडते ते सगळं अंगावर काटा आणणारं आहे. लेखकाचा दिवस वाईट गेला तरी मेकअपवाल्याचा गेला नाही. अशा माणसांची नावं श्रेयनामावलीत शोधून वाचायची सवय लावा.

१९८० ची 'गॅलेक्टिका १९८०' हे दाखवण्याच्या वेळेमुळे काय होतं याचं अगदी ठळक उदाहरण. मूळ 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' महाग पडली म्हणून बंद झाली, लोकांनी मागणी केली तेव्हा चॅनलने ती स्वस्तात परत आणली, अवकाशाऐवजी आत्ताच्या पृथ्वीवर, आणि वेळ दिली रविवार संध्याकाळची, जेव्हा मुलांसाठी शिकण्यासारखं काहीतरी असायला हवं असा नियम होता. मग उडणाऱ्या मोटारसायकली आल्या, उंच उड्या मारणारी मुलं आली, मधेमधे सामान्यज्ञान आलं. दहा एपिसोडांत संपली. तुम्ही फक्त शेवटचा बघा, 'द रिटर्न ऑफ स्टारबक', एक वैमानिक आणि त्याचाच शत्रू असलेला एक रोबॉट निर्जन ग्रहावर अडकलेत आणि त्यांची दोस्ती होते. इतक्या टुकार सिरियलीत हा एपिसोड कुठून आला कळत नाही. मी दरवेळी तो लावतो आणि दरवेळी खोलीत शांतता पसरते.

'स्टार वॉर्स हॉलिडे स्पेशल' सगळे सुचवतात, १७ नोव्हेंबर १९७८ ला एकदाच लागलेलं, परत कधी दाखवलं नाही. सुरुवातीचा बराच वेळ चुबाकाच्या, म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या त्या उंच केसाळ प्राण्याच्या, घरची मंडळी आपल्या भाषेत गुरगुरत असतात आणि सबटायटल्स नाहीत. खरं सांगू, पूर्ण बघू नका. सुरुवातीची दहा मिनिटं बघा म्हणजे अंदाज येईल, मग मधला कार्टूनचा तुकडा बघा, ज्यात बोबा फेट, पैशासाठी माणसं पकडणारा शिकारी, पहिल्यांदा गोष्टीत येतो, तो तुकडा चांगलाच आहे, आणि शेवटी राजकन्या लेया झालेली कॅरी फिशर गाते तिथे या. बाकीची गाणी-बिणी सोडलीत तरी चालतील.

पण मला सगळ्यात जास्त वाईट ज्याचं वाटतं ती सिरियल म्हणजे 'द स्टारलॉस्ट', कॅनडातली, १९७३. कल्पना बघा काय आहे, पृथ्वी नष्ट होणार म्हणून एक प्रचंड यान निघालंय, त्यात वेगवेगळे घुमट, प्रत्येकात एक-एक समाज, आणि शेकडो वर्षांनी आतल्या लोकांना हेच माहीत नाही की आपण यानात आहोत. यान एका ताऱ्यावर आदळणार आहे आणि हे फक्त तिघांना कळलंय. लेखक हार्लन एलिसन, सायफायमधलं मोठं नाव. मॉडेलच्या सेटमध्ये खऱ्या नटांना बेमालूम बसवणारं नवं कॅमेरा तंत्र वापरायचं ठरलेलं, ते चाललंच नाही, मग सगळं बारक्या स्टुडिओत साध्या निळ्या पडद्यावर आणि व्हिडिओ टेपवर आलं. एलिसन इतका वैतागला की त्याने आपलं नाव काढून कॉर्डवेनर बर्ड हे टोपणनाव लावलं, विज्ञान सल्लागार बेन बोव्हाही सोडून गेला आणि त्याने पुढे या सगळ्या गोंधळावर एक कादंबरीच लिहिली. सोळा एपिसोड झाले आणि बंद. आणि एलिसनच्या मूळ स्क्रिप्टला, जशी ती त्याने लिहिली होती तशी, लेखकांच्या संघटनेचं बक्षीस मिळालं. म्हणजे कागदावर बक्षीस मिळवणारी गोष्ट पडद्यावर येईपर्यंत सगळ्यात वाईटच्या यादीत गेली. पहिला एपिसोड बघा, आणि बघताना डोळ्यांसमोर तो घुमट असा आणा जसा तो व्हायला हवा होता, काचेचा, मैलोनमैल पसरलेला. हे थोडं जमायला लागलं की वाईट सायफाय बघणं जमलं म्हणायचं.

अजून एक करा, वाईट पिक्चरच्या बरोबर एक चांगला लावा, जोडीने. 'प्लॅन नाईन'चं शूटिंग झालं त्याच १९५६ ला 'फॉर्बिडन प्लॅनेट' आला, मोठ्या स्टुडिओचा, लागोपाठ बघितलेत तर त्या काळात काय शक्य होतं आणि वुडच्या खिशात काय होतं दोन्ही कळतं, उगाच जुना पिक्चर आहे म्हणून सूट द्यायला नको आणि उगाच ठोकायलाही नको. आणि पैसे नसले की वाईटच होतं असं वाटायला लागलं तर २००४ चा 'प्रायमर' बघा, सुमारे ७००० डॉलरमध्ये केलेला टाइम ट्रॅव्हलचा पिक्चर, यात एकही भारी यंत्र नाही, नुसती माणसं बोलतात आणि तुमचं डोकं गरगरतं.

जोडीतली माझी सगळ्यात लाडकी मात्र दुसरीच आहे. १९७४ चा 'डार्क स्टार', जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी फिल्म स्कूलपासून रखडत रखडत पूर्ण केलेला, त्यातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे हवा भरलेला मोठा चेंडू, खाली दोन पंजे लावलेले. यानाच्या बोळकांड्यांत तो ओबॅननला पळवतो, लिफ्टच्या भोकात लटकवतो, पण करणाऱ्यांना वाटलं होतं तेवढं लोकांना हसू आलं नाही. ओबॅननच्या डोक्यात बसलं की याच यानात, याच बोळकांड्यांत, प्राणी खरा वाटला असता तर? पाच वर्षांनी, १९७९ ला, त्याने लिहिलेला 'एलियन' आला. आधी चेंडूचा प्रसंग बघा, तो अंधारा बोळ, तो एकटा माणूस, छतावरून येणारा आवाज, सगळं नीट लक्षात ठेवा, आणि मग दिवे मालवून 'एलियन' लावा.